घटना आधी खाली वाचली जाते

बुधवार पेठेत आमचा अभ्यासवर्ग भरतो. पत्र्याची खोली, एक फळा, बाबासाहेबांचा फोटो, पंचवीस-तीस पोरं. घटनेवर बोलणं चाललं होतं. मधेच कॉलेजातलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "दादा, अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी घटना आहे. प्रत्येक राज्याचं वेगळं सुप्रीम कोर्ट आहे. ते आपल्या घटनेचा अर्थ आपणच लावतं, वॉशिंग्टनला विचारायला जात नाही. मग महाराष्ट्राला का नको? फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणतात ना? दिल्लीत कुणी घटना बदलायची भाषा केली की आपल्या पोटात गोळा येतो. आपल्या घरात आपली घटना असती, तिचा अर्थ लावायला आपलं न्यायालय असतं, तर एवढं भ्यायचं कारण उरलं असतं का?"

कुणी हसलं नाही. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. 'बाबासाहेबांनी एकच घटना दिली, ती पुरे' असं म्हणून त्याला खाली बसवता आलं असतं. पण बाबासाहेबांचं नाव घेऊन प्रश्न बंद करायचा हे आपलं काम नव्हे. आपल्या बापजाद्यांचे सगळे प्रश्न कुणाचं तरी नाव घेऊनच बंद केले गेले. म्हणून हा प्रश्न घरी घेऊन गेलो, आणि जे सुचलं ते इथं लिहितो आहे.

प्रश्न कायद्याचा दिसतो, पण मुळात नीतीचा आहे. न्याय देणारा आपल्या जवळचा असावा की लांबचा? आणि घटनेत लिहिलेल्या शब्दाचा अर्थ लावायचा हक्क नेमका कुणाचा?

१

आधी अमेरिकेची गोष्ट समजून घेऊ. तिथं एकाच माणसावर दोन घटना चालतात. एक सबंध देशाची, दुसरी त्याच्या राज्याची. देशाच्या घटनेनं दिलेल्या हक्काच्या खाली राज्याला उतरता येत नाही, वर मात्र चढता येतं. म्हंजे देशाची घटना हे जोतं. जोतं उखडायचं नाही, वर मजला चढवायला मुभा. राज्याच्या घटनेतल्या शब्दाचा अर्थ काय, याबाबत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. निकाल निव्वळ राज्याच्या घटनेवर उभा असेल तर देशाचं सुप्रीम कोर्ट त्यात हात घालत नाही. दोन्ही घटनांत तोच शब्द असला तरी राज्याचं न्यायालय म्हणू शकतं, की तुमचा अर्थ तुमच्यापाशी, आमच्या घटनेत या शब्दाचा अर्थ आम्ही जास्त रुंद लावतो. काही राज्यांची न्यायालयं तसं करतात. काही नुसती वरच्याची री ओढतात.

यातून चांगलं घडलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १७८० साली आपली घटना केली. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं तीत लिहिलं. लिहिणाऱ्या सगळ्यांच्या मनात गुलामांचा विचार असेल असं नाही. पण १७८३ साली एका काळ्या माणसाच्या खटल्यात तिथल्या मुख्य न्यायमूर्तींनी ज्यूरीला सांगितलं की, या शब्दांच्या शेजारी गुलामगिरी उभी राहू शकत नाही. सबंध देशाची घटना तेव्हा जन्माला यायची होती. देशातून गुलामगिरी जायला पुढं आणखी ऐंशीवर वर्षं लागली.

दुसरं उदाहरण आपल्या पोरांना जवळचं वाटेल. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या वस्तीतले पालक कोर्टात गेले. शाळेचा पैसा वस्तीतल्या घराजमिनीच्या करातून यायचा. म्हंजे गरीब वस्तीची शाळा गरीबच राहणार. १९७३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की, देशाच्या घटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क नाही. दार बंद. पण पंधरवडा उलटायच्या आत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं असल्याच करपद्धतीला बेकायदा ठरवलं. का? तर राज्याच्या स्वतःच्या घटनेत, सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळा चालवाव्यात, असं जुनं वाक्य होतं. वरच्यानं नाही म्हटलं तिथं खालच्यानं हो म्हटलं.

इथवर ऐकलं की ते पोरगं म्हणेल, "बघा दादा, मी काय म्हणत होतो?"

थांब. आता अलाबामा बघ. तिथं १९०१ साली राज्याची नवी घटना झाली. गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यानं पक्कं करायचं, हे ती घटना करणाऱ्या सभेच्या अध्यक्षानं उघड बोलून दाखवलं होतं. लिहितावाचता आलं पाहिजे, मालमत्ता पाहिजे, मतदानाचा कर भरला पाहिजे, चारित्र्य चांगलं पाहिजे, अशा चाळण्या लावल्या. काळे मतदार त्या चाळणीतून खाली पडले. जॅक्सन जाइल्स नावाचा काळा माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९०३ साली न्यायमूर्ती होम्स यांनी त्याला सांगितलं ते थोडक्यात असं : सगळं राज्यच जर तुमच्याविरुद्ध असेल तर आमच्या एका हुकमानं काय होणार, राजकारण्यांकडे जा. ज्याचं मत हिरावलं त्याला मत मागायला राजकारणात पाठवलं! म्हंजे इथं जवळचा मारणारा निघाला आणि लांबचा हात झटकून मोकळा झाला.

तेव्हा अमेरिकेपासून धडा घ्यायचा तो असा की, जवळचं न्यायालय चांगलं की लांबचं चांगलं, याला नुसतं अंतर मोजून उत्तर मिळत नाही. राज्याची वेगळी घटना हे हत्यार आहे. मूठ कुणाच्या हातात आणि पातं कुणाच्या मानेवर, हे आधी बघायचं.

२

बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. त्यांचं शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झालेलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढं ठेवताना त्यांनी अमेरिकेशीच तुलना केली. तिथल्या राज्यांना आपली घटना आपण करायची मोकळीक आहे. इथं केंद्राची आणि राज्यांची मिळून एकच चौकट, तिच्याबाहेर कुणालाच पडता येणार नाही. तिथं दोन नागरिकत्वं, इथं एक. तिथं दुहेरी न्यायव्यवस्था, इथं तळापासून वरपर्यंत एकच उतरंड. हे त्यांनी समजून उमजून मांडलं. संस्थानांना त्या वेळी आपापली घटना करायची मुभा होती. तीही त्यांना खटकली, आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं. पुढच्या वर्षी ती गोष्ट निकालात निघाली. काश्मीर तेवढं वेगळं राहिलं.

याच भाषणात ते खेड्याबद्दल बोलले हे आपण विसरतो. खेडं म्हंजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, असा त्यांचा रोख होता. सभेतले कितीतरी लोक रागावले. आपण ही दोन विधानं वेगवेगळी वाचतो. एकच घटना हे एक आणि खेड्यावरची टीका हे दुसरं. माझ्या मते ते एकच विधान आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला सगळ्यात जवळ कोण? गाव. आणि त्याला सगळ्यात जास्त कुणी नागवलं? गावानंच. अशा माणसाला 'जवळच्याचा शब्द शेवटचा' हा नियम कसा परवडेल? त्याला शिडी पाहिजे. गावाच्या डोक्यावरून तालुक्याला, तालुक्याच्या डोक्यावरून मुंबईला, तिथून दिल्लीला. ९ डिसेंबर १९४८ ला त्यांनी ३२ व्या कलमाला घटनेचं हृदय आणि आत्मा म्हटलं ते उगीच नव्हे. हक्क मोडला तर कुणीही थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठवावं, हा त्या कलमाचा अर्थ. म्हंजे शिडीची वरची पायरी जमिनीवरूनच हाताला लागावी, अशी ती सोय.

"पण दादा, आपला महाराष्ट्र गावासारखा थोडाच आहे?"

मग आपल्या शेजारचीच एक घटना बघू. सांगोला ओलांडलं की आटपाडी लागते. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या वेळी औंध संस्थानात होती. या संस्थानानं १९३९ साली स्वतःची घटना केली. राजानं आपला अधिकार प्रजेला दिला, गावपंचायतींच्या पायावर कारभार उभा केला. गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन आणि अप्पासाहेब पंत यांची मेहनत. हेतू भला होता हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण आपले शंकरराव खरात याच आटपाडीत १९२१ साली जन्मले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आलं. ते ज्यांनी वाचलं त्यांना तराळकीचं घर म्हंजे काय हे नव्यानं सांगायला नको. रात्रीबेरात्री गावाचा सांगावा नेणारा, मढ्याची राखण करणारा, आणि बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार उभा राहणारा तो तराळ. राजानं सत्ता गावाला दिली. पण गावात तराळ धरला होता का? घटना गावापर्यंत पोचली म्हणून ती महारवाड्यापर्यंत पोचली, असं होत नाही. मधे वेस असते.

३

भारतात एकाच राज्याला खरोखरीची स्वतःची घटना होती. जम्मू-काश्मीरची घटना २६ जानेवारी १९५७ पासून लागू झाली आणि २०१९ साली तिचा अंमल संपला. तो संपवला ते बरं की वाईट, हा वाद मोठा आहे. इथं मला त्यातल्या दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली अशी. १९५७ साली जम्मूत सफाई कामगारांचा संप झाला. तेव्हा पंजाबातून वाल्मीकी कुटुंबं आणली. त्यांना राज्यात राहायला दिलं. पण 'कायमचा रहिवासी' हा दर्जा सफाईच्या कामापुरताच. पोरगं शिकलं, पदवी घेतली, तरी राज्य सरकारात नोकरी मिळणार ती झाडूची. तीन पिढ्या असं चाललं. मनूनं जे स्मृतीत लिहिलं ते इथं नियमात आलं, आणि 'आमच्या राज्याची खास ओळख' या गोड नावाखाली टिकलं.

दुसरी गोष्ट याच्या उलट. त्याच राज्यात अशी वहिवाट होती की, तिथल्या बाईनं बाहेरच्या माणसाशी लग्न केलं तर तिचा रहिवासी दर्जा जायचा. पुरुषाचा जात नसे. २००२ साली जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं बहुमतानं सांगितलं की, लग्न केलं म्हणून बाईचा हक्क जात नाही. राज्याचा कायदा तोच होता. त्यात तसला अर्थ नव्हताच, वहिवाटीनं तो घातला होता. न्यायालयानं नीट वाचलं आणि तो काढला.

एकाच राज्यात हे दोन्ही घडलं. बाईचा प्रश्न न्यायालयापुढं नेमकेपणानं मांडला गेला आणि वाचला गेला. झाडूवाल्याच्या वाट्याला मात्र तसं वाचन कधी आलं नाही.

४

आता आपल्या घरचं बघू. आपल्याकडं राज्याची घटना नाही. पण राज्याचं वाचन आहे. घटना एक आणि तिचे वाचणारे अनेक. मुंबई उच्च न्यायालय वाचतं, मद्रास वाचतं, पाटणा वाचतं. सुप्रीम कोर्टानं शेवटचा शब्द उच्चारेपर्यंत त्या त्या राज्यात तोच अर्थ चालतो. आणि खालून किती प्रकरणं वर पोचतात? हजारात एखाददुसरं. म्हंजे बहुतेकांच्या आयुष्यात घटनेचा शेवटचा अर्थ राज्यातच लागतो. तेव्हा पोराचा प्रश्न दुसऱ्या दारानं आत आलाच. राज्याचं न्यायालय आपल्याविषयी कसं वाचतं?

महाडपासून सुरुवात करू. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. डिसेंबरात सवर्णांनी त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. दहा वर्षं पाण्याचा दावा चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. आपण जिंकलो. कशावर जिंकलो? तर, अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी असल्याचं फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. ती सिद्ध झाली असती तर? अशी रूढी मुळात न्याय्य आहे का, या प्रश्नाला हात घालायची न्यायालयाला गरजच पडली नाही. निकाल आपल्या बाजूचा, पण माणूस म्हणून पाणी प्यायचा आपला हक्क त्यात लिहिलेला नाही. फक्त समोरच्याचा पुरावा अपुरा पडला. तेव्हा घटना नव्हती, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

मग घटना आली. १७ वं कलम आलं. अस्पृश्यता नष्ट. पुढं 'परंतु' नाही.

आणि मग आलं आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. १९४७ साली मुंबई सरकारनं हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला. (नाव कायद्याचं, आपलं नव्हे.) पुढच्या वर्षी दुरुस्ती करून 'हिंदू'च्या व्याख्येत जैन घातले. अकलूजच्या जैन मंदिरात अस्पृश्यांना जाता येईल का, यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९५१ च्या जुलैत मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. त्याचा सारांश असा : या कायद्याचा हेतू अस्पृश्यांना सवर्ण हिंदूंच्या बरोबरीला आणायचा आहे. जैन मंदिरात सवर्ण हिंदूला हक्क म्हणून प्रवेश नाही. मग अस्पृश्यालाही तो मिळत नाही.

हा निकाल नीट तपासून बघा, मित्रांनो. मी जैनांवर राग धरून बोलत नाही. त्यांचा धर्म वेगळा, त्यांच्या मंदिरावर त्यांचा हक्क, हे म्हणणं आपण बौद्धांनी तरी समजून घेतलं पाहिजे. आणि देवळात शिरायची आपल्याला हौस नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी पाच वर्षं झगडून बाबासाहेबांनी तो नाद सोडला होता. मला टोचतं ते मोजमाप. आपल्या हक्काची लांबी मोजायला काठी कुणाची घेतली? सवर्णाची. त्याला जेवढं, तेवढंच तुला. त्याला नाही, तर तुलाही नाही. कायद्याच्या शब्दाला धरून हे वाचन चूक म्हणता येणार नाही, कारण कायदाच तसा लिहिला होता. पण १७ वं कलम असं तुलनेनं बोलत नाही. सवर्णाला जेवढं मिळतं तेवढं अस्पृश्याला द्या, असं ते म्हणत नाही. अस्पृश्यता गेली, एवढंच म्हणतं. एक हक्क मोजून देणारा आहे. दुसरा बिनमापाचा आहे. राज्याच्या कायद्याचा मोजका हक्क आधी आला की बिनमापाचा हक्क मागं राहतो.

अर्थ बदलतात, हेही खरं. १९५६ साली मुंबई राज्यानं नवा, जास्त रुंद कायदा केला. तेच गजेंद्रगडकर १९६६ साली सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. स्वामीनारायण पंथाची मंडळी म्हणत होती की आम्ही हिंदू नाही, तेव्हा आमची मंदिरं अस्पृश्यांना उघडायचं कारण नाही. गजेंद्रगडकरांनी ते मानलं नाही. धर्म वेगळा म्हणायचा आणि आड शिवाशिव लपवायची, हे त्यांनी बरोबर ओळखलं. न्यायाधीश तोच. प्रकरण वेगळं, कायदा वेगळा, पुढं ठेवलेला पुरावा वेगळा, म्हणून निकाल वेगळा.

५

म्हंजे राज्याला वरचा मजला चढवता येतो तो कायद्याच्या वाटेनं. महार वतन घ्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. तीस वर्षांनी, पण राज्याच्याच कायद्यानं.

बहिष्काराचंही तसंच. मुंबई सरकारनं १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टानं बहुमतानं तो रद्द केला. धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून. पाचांपैकी एकट्या मुख्य न्यायमूर्ती सिन्हांनी विरोधी मत दिलं. ते म्हणाले की, ज्याला वाळीत टाकतात तो आपल्या समाजात अस्पृश्यच होतो, आणि अस्पृश्यता तर १७ व्या कलमानं गेली आहे. एका न्यायाधीशानं १७ वं कलम असं रुंद वाचलं आणि हरला. पण त्याचं वाचन मेलं नाही. जातपंचायतींनी गावोगाव माणसं वाळीत टाकली, कार्यकर्ते राबले, आणि २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य.

तर त्या पोराला माझं अर्धं उत्तर हे. राज्यानं जास्त द्यावं, ही तुझी मागणी बरोबर आहे. त्यासाठी वेगळी घटना लागत नाही, आणि ती मागणं धोक्याचं आहे. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र हे भाषणातलं नाव आहे. घटना लिहायला बसेल तो महाराष्ट्र कोणता असेल, हे त्या नावावरून ठरत नाही. मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठाच्या नावावरून झोपड्या पेटवल्या तोही महाराष्ट्रच होता.

६

उरलेलं अर्धं उत्तर मला एका पोलीस ठाण्यात मिळालं. कुठलं ते सांगत नाही. आमच्या एका माणसाला मारहाण झाली होती. जातीवरून शिव्या देऊन, पाण्याच्या टाकीपाशी. आम्ही चौघं गेलो. ठाण्यातल्या माणसानं सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला, आणि लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं : 'जुन्या भांडणाच्या कारणावरून'. जात कुठंच नाही. टाकी नाही. शिवी नाही, 'वाईटसाईट बोलला' एवढंच. मी म्हणालो, "साहेब, जातीवरून मारलं." तर म्हणाले, "ते कोर्ट बघंल की. आपण साधं लिहू." आमचा फिर्यादी अंगठा उठवायला निघाला होता. त्याचा हात मी धरला.

तेव्हा उमगलं. आपण म्हणतो, घटनेचा अर्थ न्यायालय लावतं. खोटं आहे. न्यायालय शेवटी लावतं. पहिला अर्थ ठाण्यात लागतो. तलाठ्याच्या चावडीवर लागतो, ग्रामसभेत लागतो, सरकारी दवाखान्यात जखमेची नोंद करताना लागतो. तिथं जात गाळली, की मुंबईचा न्यायाधीश कितीही भला असो, त्याच्यापुढं येणाऱ्या कागदात जात नसतेच. तो काय वाचणार?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मिळून मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. ॲट्रॉसिटी तेव्हाही लागला नाही. सबंध महाराष्ट्राला दिसलेली जात निकालात दिसेना. तेव्हाच्या कायद्यात शब्द होते की, गुन्हा जातीच्या कारणावरून घडला पाहिजे. ते कारण सिद्ध करायचं कुणी? ज्यांचे साक्षीदार गावातच राहतात त्यांनी. गुन्हेगारानं मनातलं कारण कागदावर लिहून थोडंच ठेवलेलं असतं?

पण पुढचंही बघा. २०१५ च्या दुरुस्तीनं ते शब्द बदलले. आता गंभीर गुन्ह्यांत जातीचं कारण सिद्ध करायची सक्ती नाही. समोरचा दलित किंवा आदिवासी आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरे. आणि तो पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर जात माहीत होतीच असं न्यायालय धरून चालेल. गावात कुणाला कुणाची जात माहीत नसते? दोन शब्दांचा फरक. त्यामागं पंचवीस वर्षांचे निकाल, मोर्चे, आणि न्यायालयानं जात वाचली नाही म्हणून रिकाम्या हातानं परतलेली माणसं आहेत. म्हंजे वाचन चुकलं तर शब्द बदलता येतो. पण वाचन कुठं चुकलं, हे कुणीतरी खालून बारकाईनं लिहून ठेवावं लागतं.

बाबासाहेब घटनात्मक नीती म्हणायचे. ती माणसाला जन्मतः नसते, ती जोपासावी लागते, असं त्यांनी त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात बजावलं. आपण त्याचा अर्थ घेतला की, राज्यकर्त्यांनी नीतीनं वागावं. पण ती आपल्यालाही लागू आहे. ज्याला आपल्या फिर्यादीची नक्कल वाचता येत नाही त्याच्या वतीनं दुसरा वाचणार, आणि दुसरा वाचतो तेव्हा काय गळतं ते आपण पाहिलं. वाचायचा हक्क आपल्याला हजारो वर्षं नव्हता. ऐकला तरी कानात शिसं ओतायची शिक्षा त्यांच्या ग्रंथात लिहिली होती. आता ग्रंथ आपला आहे, तरी आपण त्याच्या नुसत्या मिरवणुका काढणार असू, तर वाचणारा पुन्हा तोच राहील.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आहे. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणंही तिकडं गेली. इतकी वर्षं आपली माणसं तारखेसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर उभी राहून मुंबईला जायची. न्यायालय जवळ आलं, शाहू महाराजांच्या गावात आलं, याचा आनंद आहेच. पण न्यायालय जवळ आल्यानं न्याय जवळ येईल तो आपण तिथं काय घेऊन जातो त्यावर.

म्हणून अभ्यासवर्गाला माझी सूचना साधी आहे. दर महिन्याला एक निकाल वाचायचा. मराठीत, मोठ्यानं, वाक्य-वाक्य. अकलूजचा वाचू, महाडचा वाचू, खैरलांजीचा वाचू. आणि फिर्याद कशी लिहायची ते शिकू. शिवी जशीच्या तशी, जागा, वेळ, हजर माणसं, जात. अंगठा किंवा सही करायच्या आधी वाचून घ्यायचं. चुकलं असेल तर सही करायची नाही.

त्या दिवशी ठाण्यात आम्ही अडीच तास बसलो. फिर्याद दुसऱ्यांदा लिहिली गेली. तीत टाकी आली, शिवी आली, जात आली. खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. पण न्यायाधीश जेव्हा तो कागद उघडेल तेव्हा त्याला जात वाचावी लागेल.

पोरा, तू विचारलंस आपली घटना आपल्या घरात का नको. ती घरातच आहे रे. आधी तू वाच. मग कोर्टाला वाचायला लाव.

जय भीम.